ब्रेक दाबला की लिव्हर मुठीला टेकतो

या वेळी वाचकांचे बाईकच्या ब्रेकचेच मेल इतके आले की मायलेज, चेनचा आवाज वगैरे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. पावसाळा संपला, गाड्या बाहेर निघाल्या, आणि चार महिने झाकून ठेवलेल्या गाडीचं पहिलं रडगाणं ब्रेकचंच असतं, त्यात नवल नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, पण तोच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आलाय म्हणून सविस्तर लिहितोय.

प्रश्न : काका नमस्कार. मी नाशिकचा, वय ३१. आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड हजार सीसीची जपानी फोर सिलिंडर घेतली, २०११ मॉडेल, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. इंजिन एकदम मख्खन, पण पुढचा ब्रेक लिबलिबीत. दाबला की लिव्हर जवळजवळ मुठीला टेकतो, दोन-तीनदा पटापट दाबला की मग कडक होतो. नवीन पॅड टाकले, दोन ठिकाणी एअर काढून घेतली, ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या संपल्या. एकाने सांगितलं रात्रभर लिव्हर दाबून बांधून ठेव, तेही केलं, सकाळी ब्रेक झकास आणि दोन दिवसांत परत ये रे माझ्या मागल्या. आता एक जण म्हणतोय मास्टर सिलिंडरच बदल, मोठा रेडियल टाक. खर्च बराच आहे. टाकू का?

उत्तर : नको. निदान आत्ता तरी नको. आणि हे सगळं निस्तरेपर्यंत गाडी हायवेला नेऊ नका, कृपा करा. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जी ऊर्जा गिळायची असते ती चौपट होते, त्यामुळे ६० ला जो ब्रेक ‘चालतोय की’ वाटतो तो १२० ला चालत नाही, आणि तुमच्या गाडीला १२० म्हणजे अजून झोपेतून उठलेलीही नसते.

आता बघा, ब्रेक स्पंजी होतो म्हणजे नेमकं काय होतं. बोटांनी लिव्हर जेवढा सरकवला तेवढं ऑइल मास्टरमधून, म्हणजे लिव्हरपाशी हँडलवर असतो त्या पंपातून, खाली ढकललं जातं आणि त्याने पॅडमागचा पिस्टन पुढे यायला हवा, पण मधेच कुणीतरी ते सरकणं खातंय. ऑइल दबत नाही, हवा दबते, जुना रबरी पाइप फुगतो, वाकडे झिजलेले पॅड आधी सरळ होतात मग घासतात, पिस्टन गरजेपेक्षा जास्त मागे जाऊन बसतो. यातलं कोण खातंय ते शोधायचं काम आहे, आणि ते लिव्हरच सांगतो, त्याला विचारायला एक पैसा लागत नाही. बहुतेक ठिकाणी ब्रेक मऊ म्हटलं की पहिली ऑइलची बाटली उघडतात. मी आधी स्टूल घेऊन गाडीशेजारी बसतो.

लिव्हर मध्यम जोराने दाबा आणि तसाच धरून मनात तीस मोजा. हळूहळू मुठीकडे सरकत राहिला आणि बाहेर कुठे थेंब दिसत नसेल तर मास्टरच्या आतलं सील ऑइल सोडतंय, तिथे नव्या सीलचं किट टाकावं लागतं, कितीही एअर काढली तरी फरक पडणार नाही. सरकला नाही, पण रबराचा चेंडू दाबल्यासारखा लागतोय, तर हवा नाहीतर पाइप. तुमचा प्रकार तिसरा आहे, पहिल्यांदा लांब जातो आणि पटापट दाबल्यावर कडक होतो. याला दोन-तीन कारणं असतात आणि ती ओळखायची एक सोपी युक्ती आहे. गाडी स्टँडवर लावा, लिव्हर कडक होईपर्यंत दाबा, आणि सोडून द्या. गाडी जागची हलवायची नाही. दहा मिनिटांनी परत दाबा. मऊ लागला तर हवा आहे किंवा पिस्टन मागे ओढले जातायत. तसाच कडक लागला, पण गल्लीत एक चक्कर मारून आल्यावर मऊ झाला, तर डिस्क वाकडी आहे किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय, चाक फिरताना डिस्क डुलते आणि पॅडना ढकलून मागे सारते. डिस्क किती डुललेली चालते त्याचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच जपानी गाड्यांना तो ०.३ मिलिमीटर आहे, म्हणजे डोळ्याला दिसायच्या आतच गाडी नापास. ते डायल गेजने मोजायचं, ‘बघितलं, सरळ आहे’ असं चालत नाही.

रात्रभर लिव्हर बांधून ठेवल्यावर सकाळी बरा झाला, यातून मला एवढं कळतं की हवा आहे. दाबाखाली बुडबुडे बारीक होतात, पाइपच्या भिंतीला चिकटलेले सुटतात, वर सरकतात, आणि सकाळी लिव्हर सोडला की मास्टरमधल्या बारीक भोकातून वरच्या ऑइलच्या डब्यात निघून जातात. पण सगळे जात नाहीत. जे वाटेत अडकून बसलेत ते बसूनच राहतात, आणि त्यांची जागा बहुतेक मला माहितीय.

तुमच्या गाडीचा पुढचा मडगार्ड बघा. अशा वयाच्या बऱ्याच जपानी स्पोर्ट्स बाईकमध्ये मास्टरमधून एकच पाइप खाली एका कॅलिपरला (पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात तो भाग) येतो, आणि तिथून दुसरा पाइप मडगार्डवरून कमान करून पलीकडच्या कॅलिपरला जातो. ही कमान म्हणजे हवेची धर्मशाळा. हवा वर चढते, एअर काढायचं निपल खाली कॅलिपरवर आहे, तुम्ही कितीही पंप मारा, ऑइल बुडबुड्याच्या खालून निघून जातं आणि बुडबुडा आपला कमानीच्या डोक्यावर निवांत. मी स्वतः एका गाडीवर अख्खी दुपार घालवली होती, निपलमधून एकही बुडबुडा येत नव्हता आणि लिव्हर मात्र लोण्यासारखा, शेवटी आमच्याकडचा पोऱ्या पाने पुसता पुसता म्हणाला, शेठ ह्या पाइपला उंटासारखी मदार कशाला दिलीय? तेव्हा ट्यूब पेटली. लांबचा कॅलिपर बोल्ट काढून सोडवला, दोन पॅडच्या मधे लाकडाची पट्टी घातली, आणि कॅलिपर वर उचलून असा धरला की पाइपमध्ये कमान उरलीच नाही, सगळा चढच चढ, आणि निपल सगळ्यात वर. मग एअर काढली तर नळीतून एकदम मोठा लांबलचक बुडबुडा आला, चांगला बोटाच्या पेराएवढा. पट्टी विसरायची नाही हां, नाहीतर लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर आणि ऑइल फरशीवर.

हवेची दुसरी जागा मास्टरपाशीच, जिथे पाइप पोकळ बोल्टने लावलेला असतो तो बॅनजो बोल्ट. पूर्ण सिस्टीममध्ये ती जवळपास सगळ्यात उंच जागा, आणि तिथली हवा खालच्या निपलपर्यंत ढकलत न्यायची म्हणजे नाशिकहून मुंबईला जाताना नागपूरमार्गे जाण्यातला प्रकार. खाली भरपूर चिंध्या गुंडाळा, टाकी जाड फडक्याने झाका, हँडल असं फिरवा की मास्टर उंचावर राहील, लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट पाव फेरा ढिला करा. फुसफुस करत फेस येईल. लिव्हर सोडायच्या आधी बोल्ट परत आवळा, हा क्रम चुकवू नका, आधी लिव्हर सोडला तर जेवढी हवा काढली तेवढीच आत जाईल. दोन-तीनदा करा. बोल्ट पूर्ण काढावा लागला तर दोन्ही बाजूचे तांब्याचे-अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर नवीन टाका, जुने एकदा दबलेले असतात, मग घट्ट बसत नाहीत म्हणून लोक जीव खाऊन आवळतात आणि मास्टरचे आटे घालवतात.

नेहमीची एअर काढायला फिश टँकवाल्याकडची पारदर्शक नळी उत्तम, निपलवर घट्ट बसते, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. निपलला रिंग पाना, बहुतेक आठ नंबर, फिक्स पान्याने कडा गोल होतात आणि मग त्या निपलपुढे देवही हात टेकतो. आणि मशीनने खेचून एअर काढत असाल तर नळीत सतत बारीक फेस दिसेल, घाबरू नका, तो निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते त्याचा असतो. त्या फेसाच्या मागे लागूनच लोकांच्या बाटल्या संपतात, तुमच्याही तीन बहुधा अशाच गेल्या. यापेक्षा मेडिकलमधली मोठी सिरिंज घ्या, नवीन ऑइल भरा, आणि खालून निपलमधून हळूच वर ढकला. हवेला वरच जायचंय, तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. फक्त आधी वरच्या डब्यातलं जुनं ऑइल काढून घ्या, नाहीतर ते उतू जाऊन टाकीवर सांडेल.

एवढं करूनही लिव्हर लांब जात असेल तर पिस्टन. हे कुणी बघतच नाही. पॅड नवीन टाकताना काय करतात, जुने पॅड झिजलेले म्हणून पिस्टन बरेच बाहेर आलेले असतात, त्यांच्या अंगावर काळी ब्रेकची भुकटी आणि चिखल वाळून बसलेला असतो, आणि तसेच ते टॉमीने रेटून आत घालतात. आत पिस्टनभोवती चौकोनी काठाचं रबरी सील असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो तेव्हा हे सील त्याच्याबरोबर किंचित पिळलं जातं, आणि सोडल्यावर परत सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं, केसभरच. पॅड झिजत जातात तसा पिस्टन सीलमधून थोडा थोडा पुढे घसरत राहायचा असतो. मळका पिस्टन घसरतच नाही, सील पिळतं आणि त्याला पूर्ण मागे ओढून आणतं. मग दरवेळी तेवढं अंतर परत कापावं लागतं, आणि ते कापण्यातच लिव्हर संपतो. तुमची गाडी चौदा-पंधरा वर्षांची, आणि पॅड टाकल्यावरही फरक नाही म्हणता, तर मला दाट संशय आहे की हवा आणि मळके पिस्टन दोन्ही आहे.

कॅलिपर सोडवा, वायरने हँडलला टांगा, पाइपवर लोंबकळत ठेवू नका. पॅड काढा, पट्टी घाला, लिव्हर दाबत दाबत पिस्टन सात-आठ मिलिमीटर बाहेर आणा. एखादा जागचा हलणार नाही आणि दुसरे पळत सुटतील, तोच तुमचा चोर. बाकीचे हाताने दाबून धरा, त्याला बाहेर येऊ द्या. मग जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि पिस्टनच्या मागच्या बाजूला पोचायला चिंधीची पट्टी, बूट पॉलिशवाले मारतात तशी दोन्ही टोकं धरून. कोरडं करून अंगाला थोडं ताजं ब्रेक ऑइल चोळा आणि बोटांनी आत ढकला. बोटांनी जात नसेल तर सील बदलायला आलंय. पेट्रोल, रॉकेल, साधं ग्रीस यातलं काही लावायचं नाही, ही रबरं पेट्रोलियमने फुगतात, आज ब्रेक छान लागेल आणि महिन्याभरात जाम. ही चूक मी चांगल्या नावाजलेल्या ठिकाणीही होताना पाहिलीय. पिस्टन आत ढकलताना आणखी एक फायदा, ऑइल उलटं वर जातं आणि जाताना अडकलेली हवाही घेऊन जातं.

पाइप मूळचेच असतील तर विचार न करता बदला. रबरी ब्रेक पाइप दर चार वर्षांनी बदला असं जपानी कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आपल्याकडे ते पान कुणी उघडत नाही. एकाने लिव्हर जोरात दाबायचा, दुसऱ्याने पाइप मुठीत धरायचा, हाताला फुगल्यासारखा लागला तर संपला विषय. स्टीलच्या जाळीचे घ्या, आणि मास्टरपासून दोन्ही कॅलिपरला वेगवेगळे दोन पाइप मिळतात तसा सेट घ्या, म्हणजे ती मडगार्डवरची धर्मशाळाच बंद.

आता मोठ्या मास्टरचं. समजा १६ मिलिमीटरचा काढून १९ चा टाकला आणि लिव्हरची ठेवण तीच राहिली. क्षेत्रफळ १.४१ पट, म्हणजे एका दाबात तेवढं जास्त ऑइल ढकललं जाणार, लिव्हर एकदम कडक लागणार, आणि तुम्ही म्हणणार वा. पण बोटांच्या तेवढ्याच जोराला दाब मात्र ७१ टक्क्यांवर येणार. हाताला कडक आणि चाकाला कमजोर. रेडियल मास्टरमध्ये लिव्हरची तरफ वेगळी असते म्हणून हिशोब थोडा बदलतो, पण आत हवा तशीच ठेवून मोठा मास्टर लावणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर बदलण्यासारखं आहे. आधी वरचं सगळं करा. त्यानंतरही टाकावासा वाटला तर हौसेला मोल नाही, टाका.

आणि हो, डब्याच्या झाकणाचे स्क्रू. दिसायला साधे चार खाचांचे, पण जपानी खाच वेगळी असते, आपला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि पहिल्याच झटक्यात खाच गुळगुळीत होते. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा ड्रायव्हर मिळतो, तो घ्या. झाकण उघडलंच आहे तर लिव्हर अलगद थोडासाच दाबून सोडा, तळाच्या भोकातून छोटं कारंजं उडायला हवं. नसेल उडत तर ते बारीक भोक बुजलंय, ऑइल परत यायला वाट नाही, आणि मग ब्रेक गरम झाल्यावर आपोआप धरायला लागतो. गिटारच्या सगळ्यात बारीक तारेने मोकळं होतं.

प्रश्न : माझा लिव्हर स्पंजी अजिबात नाही, दगडासारखा आहे, पण गाडीच थांबत नाही. ६५० ट्विन, १९ हजार किलोमीटर. मेकॅनिक म्हणतो एअर आहे. मागच्या आठवड्यात वॉशिंग केल्यापासून जास्त जाणवतंय. (कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे की हो. लिव्हर कडक आहे म्हणजे दाब पॅडपर्यंत व्यवस्थित पोचतोय, हवेचा इथे काही संबंध नाही, पॅड डिस्कला पकडत नाहीयेत एवढंच. वॉशिंगवाल्याने टायर काळेभोर चकाचक करून दिले असतील ना? तो फवारा मारताना डिस्कवर गेला असणार. पॅड काढून बघा, कडेला ओलसर डाग दिसेल आणि पृष्ठभाग काचेसारखा. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) सीलमधून तेल ओघळत नाही ना तेही बोट फिरवून बघून घ्या, नाहीतर नवीन पॅडचंही तेच होईल. तेल प्यायलेले पॅड गॅसवर भाजून ‘बरे’ करायचे प्रयोग लोक करतात, पुढच्या ब्रेकला ते करू नका, सरळ फेकून द्या. डिस्क ब्रेक क्लीनरने दोनदा पुसा, फडकं दरवेळी स्वच्छ. नवीन पॅड टाकल्यावर पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत असं पंचवीस-तीस वेळा मध्यम ब्रेक मारत या, मधे थोडं वारं लागू द्यायचं, पूर्ण थांबून लिव्हर दाबून धरायचा नाही. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो तेव्हा कुठे खरी पकड येते.

प्रश्न : काका, पुढचा ब्रेक पाइप बदलल्यापासून माझ्या एबीएसवाल्या गाडीचा लिव्हर मऊच आहे, तीनदा एअर काढली. मागचा एकदम ठीक आहे. (चिंचवड)

उत्तर : पाइप बदलताना डबा रिकामा झाला होता का? विचारून बघा, ‘नाही हो’ म्हणतील, पण झालेला असतो. माझ्याही हातून झालंय, एअर काढता काढता फोन आला, एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने लिव्हर, आणि बघतो तर वरचा डबा ठणठणीत कोरडा. साध्या गाडीत अर्धा तास वाया जातो. एबीएसच्या गाडीत हवा मॉड्युलेटरपर्यंत (एबीएसचा पंप आणि झडपा असलेला ठोकळा) गेली तर तिथल्या आतल्या वाटा झडपांनी बंद असतात, लिव्हर मारून त्या उघडत नाहीत. त्यासाठी कंपनीच्या डायग्नोस्टिक टूलने आतला पंप आणि झडपा चालवतात आणि त्याच वेळी एअर काढतात. हे सर्व्हिस सेंटरमध्येच करा. मातीच्या रस्त्यावर मुद्दाम ब्रेक मारून एबीएस जागं करायचं आणि मग परत एअर काढायची असा एक उपाय ऐकला असेल, तो चालतो कधीकधी, पण पुढचा ब्रेक मऊ असताना मातीत पुढचाच ब्रेक जोरात मारायला मी तरी कुणाला सांगणार नाही. त्याआधी नवीन पाइपच्या दोन्ही टोकांचे वॉशर ओलसर नाहीत ना आणि बॅनजोपाशी हवा नाही ना, ते वर लिहिल्याप्रमाणे बघा, नशीब असेल तर तेवढ्यातच काम होईल. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हे काम येणाऱ्या मेकॅनिकची गरज आता सगळ्या गावांना आहे.

प्रश्न : महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो, मागे बायको आणि दोन्ही बाजूला बॅगा. वाडा गावाच्या खाली पुढचा ब्रेक हळूहळू मऊ होत गेला आणि शेवटी लिव्हर नुसता आत. मागच्या ब्रेकवर आणि इंजिनवर कशीबशी थांबवली. चहा घेतला, अर्ध्या तासाने बघतो तर ब्रेक पहिल्यासारखा! मेकॅनिकला दाखवलं तर म्हणाला काहीच प्रॉब्लेम नाही. (महाड)

उत्तर : प्रॉब्लेम आहे, थंड झाल्यावर लपतो एवढंच. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं. महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंत साधारण तेराशे मीटरचा उतार, गाडी, तुम्ही दोघं आणि बॅगा मिळून ३५० किलो धरा, तर उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती होते साधारण सव्वा युनिट वीज. दोन किलोवॅटचा गिझर सदतीस-अडतीस मिनिटं चालवल्यावर जेवढी उष्णता होते तेवढी. ती वारा, इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायची. तुम्ही न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गियरमध्ये उतरलात की इंजिनचा वाटाही ब्रेकच्या गळ्यात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, झाकण बंद असलं तरी, रबरी पाइपमधूनसुद्धा, आणि महाडसारख्या दमट हवेत जरा जास्तच. ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल कमीत कमी २३० अंशाला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४०. उकळलं की वाफ होते, वाफ म्हणजे परत हवाच, लिव्हर आत. थंड झालं की वाफेचं पाणी आणि लिव्हर जागेवर, म्हणून मेकॅनिकला काही सापडलं नाही. डब्याच्या काचेतून रंग बघा, मधासारखा किंवा चहासारखा झाला असेल, नवीन ऑइल जवळजवळ रंगहीन असतं. पूर्ण ऑइल काढून ताजं डॉट ४ टाका, झाकणावर जे लिहिलंय तेच, आणि दर दोन वर्षांनी बदला, किलोमीटर काहीही असू दे. सील न फोडलेली छोटी बाटली घ्या, गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी पडलेली नको, ती केव्हापासून पाणी पितेय कुणास ठाऊक. घाटात ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये उतरा, ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वळणाआधी एकदा नीट मारून सोडा, मधल्या वेळात डिस्कला वारं लागतं. कॅलिपर कुठे धरून बसत नाही ना तेही बघून घ्या, चाक उचलून हाताने फिरवलं की कळतं.

प्रश्न : डॉट ५ हे डॉट ४ पेक्षा भारी ना? मग ते टाकलं तर? (परभणी)

उत्तर : नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ४ शी जमत नाही, एबीएसला तर नाहीच. तुम्ही जे ऐकलंय ते डॉट ५.१ असेल, ते डॉट ४ च्याच जातीचं आहे आणि २६० अंशाला उकळतं. एका पॉइंटचा फरक, पण वस्तू वेगळी. बाटली वाचून घ्या.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेले फोल्डिंग लिव्हर लावले, दिसतात भारी, पण ब्रेकला सुरुवातीला बरीच ढील आली आहे. (पणजी)

उत्तर : जुना लिव्हर फेकला नसेल तर परत लावून बघा, ढील गेली तर ऑइलला हात लावायची गरजच नाही. स्वस्त लिव्हरच्या खिळ्याचं भोक सैल असतं किंवा मास्टरच्या पिस्टनला टेकणारा भाग आखूड असतो, तेवढी हालचाल फुकट जाते. याच्या उलट झालं तर जास्त वाईट, तो भाग लांब असला तर पिस्टन पूर्ण परत येत नाही, ते बारीक भोक झाकलेलं राहतं आणि चालत्या गाडीत ब्रेक धरतो. त्यामुळे लावल्यावर वर सांगितलेलं कारंजं उडतंय का ते जरूर बघा.

प्रश्न : घरी एअर काढताना ब्रेक ऑइल टाकीवर सांडलंय, लगेच पुसलं, पण आता काय करू? लवकर सांगा. (सातारा)

उत्तर : पुसायचं नव्हतं, बादलीभर पाणी ओतायचं होतं, हे ऑइल पाण्यात विरघळतं. तुमचा मेल १२ तारखेचा, अंक हातात पडेल पुढच्या महिन्यात. पेंटरचा नंबर शोधून ठेवा.